आई, तुमच्या अंगात देवी आली नव्हती

आई, तुमचं तेरावं परवा झालं. मुंबईकर काल सकाळच्या गाडीनं गेले. शेजारची मोठी पातेली घासून ज्याची त्याला पोचवली. संध्याकाळी मी ओटीवर उभी राहून ह्यांना म्हटलं, "परसातल्या माडाला आता आळं करून घ्यायला हवं," आणि सवयीनं थांबले. आतून आवाज यायला हवा होता, "आत्ता आळा? पावसात जयगडच्या खाडीत जाईल तुझा आळा!" आवाज आला नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं एखादं वाक्य पहिल्यांदाच विरोधाशिवाय पार पडलं. फार वाईट वाटलं मला.

भेटायला येणारी प्रत्येक बाई डोळ्यांना पदर लावायची आणि तीच गोष्ट सांगायची. "म्हातारीच्या अंगात देवी आली होती हो. पालखीचा तिला आधीच कळला होता." पुरुष माना हलवायचे. मी चहा देत राहिले. तेराव्यापर्यंत वाद घालायचा नाही असं मी ठरवलं होतं. ती मुदत संपली.

आई, तुमच्या अंगात देवी आली नव्हती. तुम्हाला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. हा आपला वाद अर्धा राहिलाय. तुम्ही तो अर्धा टाकून गेलात म्हणून तुम्ही जिंकलात, असं मी धरणार नाही.

काय झालं ते क्रमानं सांगते. तुम्ही सांगायचात त्यात क्रम नसायचा, आणि मीही नसायचे.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. तोवर तुमची प्रकृती म्हणजे काय, तर आवाज. मी शाळेच्या ऑफिसातून घरी आले की दारातच स्वागत व्हायचं, "आलीस? मला वाटला आज शाळेतच वस्ती." फ्रीजवर मी कामांची यादी लावली की तुम्ही चष्मा लावून ती वाचायचात आणि विचारायचात, "श्वास घ्यायचा, ते नाय लिवलंस काय गो?" माझ्या आमटीत मीठ कधी कमी असायचं, कधी जास्त. बरोबर कधी नसायचं.

आणि एक दिवस तुम्ही कुळथाची पिठी खाता खाता मान वर करून म्हणालात, "सुलभा, झकास झाली गो पिठी. तुझ्या हाताला चव हाय."

मला इतका आनंद झाला की मी ह्यांना बंदरावर फोन केला. ड्यूटीवर असताना मी कधी फोन करत नाही. हे घाबरूनच म्हणाले, "काय झालं?"

"आईंनी माझी पिठी चांगली झाली म्हटलं."

हे क्रेनच्या आवाजापासून लांब गेले. मग हे म्हणाले, "आई? आपली आई?"

तिथेच आम्ही दोघांनी शहाणं व्हायला हवं होतं. आम्ही मात्र त्या रात्री पुन्हा पिठी केली.

नंतरच्या दिवसांत तुम्ही जेवून झोपायचात ते दिवेलागणीपर्यंत. भाकरी अर्धी टाकायचात. मागच्या पायरीवर तुमचा तोल गेला, खांबाला धरलंत म्हणून वाचलात. एकदा लुगडं ओलं झालं, ते तुम्ही स्वतःच धुऊन माडामागे वाळत घातलंत. तुम्ही, ज्यांना दुसऱ्याच्या दोरीवरचा डाग दिसायचा! मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. कुठे दुखतंय का, जळजळतंय का, विचारलं. "काय नाय गो बाय," म्हणालात. 'बाय' हा शब्द तुम्ही तोवर फक्त म्हशीला वापरला होता. तरी मला समजलं नाही. हे म्हणाले, थंडी पडलीय. मी म्हटलं, वय झालं.

आणि पाणी. संडास मागच्या अंगणापलीकडे, चिऱ्याच्या पायऱ्या उतरून. त्यामुळे दुपारच्या चहानंतर तुम्ही तोंडाला पाणी लावायचा नाहीत. "पाणी प्याला की उतरावा लागतो," हे तुमचं शास्त्र. ते मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि त्यात माझ्याकडे काही काम येत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मग ती सकाळ. मी दार उघडलं तर अर्धं अंगण सारवलेलं, कोपरापर्यंत शेणानं माखलेल्या तुम्ही आणि तुमच्या अंगावर लग्नकार्यातलं हिरवं लुगडं.

"आई, हे काय?"

"पालखी येते. तू अजून पारोशीच? ओटीचा सामान काढ!"

आपल्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघरी फिरते, फाल्गुनात. वर्षातलं तुमचं सगळ्यात मोठं काम ते. पण हा मार्गशीर्ष होता. देवी देवळात निवांत बसली होती. तिलाही या दौऱ्याची कल्पना नसणार.

मी तुम्हाला आत घेईपर्यंत शेजारच्या शेवंतीकाकूंनी मधल्या दगडी गडग्यावरून ऐकलं होतं. शेवंतीकाकूंच्या कानावर पडलेली गोष्ट वाडीत पोचायला फोन लागत नाही. दुपारपर्यंत ओटी भरली. वाडीचे मानकरी दाजी आले, टोपी काढून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शिमग्याला आपल्या वाडीचा मान थोडा मागंपुढं झाला होता. तोच देवी मागते. म्हातारीच्या तोंडून बोलते."

"दाजी, त्यांना बरं नाही," मी म्हटलं.

"असाच दिसता, वैनी. देवी येते तेव्हा असाच दिसता."

शेवंतीकाकू पुढे सरकल्या. हात जोडून म्हणाल्या, "आये, आमच्या सतीशला बंदरावर नोकरी लागंल काय गो?"

तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "आधी त्याला सकाळचा उठव."

ओटीवर शहारा आला. सतीश दहाच्या आधी उठत नाही हे देवीखेरीज फक्त सगळ्या वाडीला माहीत होतं.

मग तुम्ही दाजींकडे टक लावून पाहिलंत आणि कडाडलात, "गोविंदा! माझा कोयता कवा देनार हायस?"

दाजी पांढरे पडले. गोविंद हे त्यांच्या वडिलांचं नाव, आणि ते जाऊन किती पावसाळे झाले. तुम्हाला समोर दाजी दिसतच नव्हते. तुम्ही जुन्या कुठल्या तरी दिवसात बसून उसना कोयता मागत होता. पण दाजींनी दुसऱ्याच दिवशी नवाकोरा कोयता आणून देव्हाऱ्यापुढे ठेवला. तो मी परत करायला गेले तर घेतला नाही. आपली केळीची पानं आपण अजून त्यानंच कापतो.

हे सगळं चालू असताना मुंबईहून भाऊजींचा फोन. तुमचा धाकटा तुमच्यासारखाच आहे, आधी ठरवतो आणि मग विचारतो. "वहिनी, आता तिला घरी ठेवणं शक्य नाही. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. उद्या विहिरीत पडली म्हणजे? पनवेलकडे एक वृद्धाश्रम मी बघून ठेवलाय. शनिवारी गाडी घेऊन येतो. फक्त डॉक्टरचा दाखला तयार ठेवा."

आई, मला ते पटलं होतं. तुम्हाला आवडो न आवडो, मी लिहिणार ते खरं. वाडीला तुम्ही देवी म्हणून हव्या होता, भाऊजींना तुम्ही सुरक्षित हव्या होता, आणि मला नोकरी सांभाळायची होती. ज्या घरासाठी मामंजींच्या बरोबरीनं तुम्ही खाणीतून डोक्यावर चिरे वाहिलेत, त्या घरातून तुम्हाला हलवायचं ठरत होतं. तुम्ही मात्र उंबऱ्यावर बसून पालखीसाठी रांगोळी घालत होता. तुम्हाला कुणीच काही विचारलं नाही.

तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं ते त्या दाखल्यासाठी. इन्फेक्शन ओळखलं म्हणून मला कुणी शाबासकी देऊ नये. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई तुम्हाला कित्येक वर्षं ओळखत होत्या. तुम्ही त्यांच्या सुया, त्यांची गोळ्यांची पुडी आणि त्यांचा सलवार-कमीज, सगळ्यांना नावं ठेवली होती.

"कधीपासून असं?" त्यांनी विचारलं.

"वय झालंय ना," मी म्हटलं.

"वय गेल्या महिन्यातही झालेलं होतं. हे कधीपासून?"

"चार-पाच दिवस."

"त्याआधी?"

"ठणठणीत. भांडत होत्या."

"वयाचा विसरभोळेपणा पावलापावलानं येतो, महिने घेतो, वर्षं घेतो. चार दिवसांत माणूस असं बदललं की आधी शरीरात कारण शोधायचं. सगळ्यात पहिला बदल कोणता दिसला तुम्हाला?"

मला लाज वाटली, पण सांगितलं. "माझी पिठी चांगली झाली म्हणाल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्या? मग नक्की काहीतरी बिघडलंय."

त्यांनी तुमची छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं, साखर पाहिली, रक्त घेतलं, चालू गोळ्या मागवून घेतल्या. म्हणाल्या, लघवीचंच असेल असं मी आत्ता म्हणत नाही. छातीतला कफ, साखर, रक्तातले क्षार, एखादी नवी गोळी, साधं पोट साफ नसणं, यातल्या कशानंही म्हातारं माणूस असं बरळतं. पण म्हाताऱ्या बायकांत लघवीचं इन्फेक्शन पुष्कळ दिसतं. तरुणाला ताप येतो, जळजळ होते, तो ओरडतो. म्हाताऱ्याला यातलं काही होईलच असं नाही. तो एकदम गळून जातो, जेवत नाही, झोपून राहतो, तोल जातो, कपड्यात लघवी होते, भलतंच बोलतो. घरचे म्हणतात वय झालं.

मी बाईंच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तो शेवटचा भाग मी नुकताच म्हटला होता.

दवाखान्यात नमुना द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. "परक्या घरात? आमचा काय मान हाय की नाय?" तेव्हा बाटली घेऊन घरी आलो. ओटीवर वाडी बसलेलीच. आत न्हाणीघरात तुमची मनधरणी करायला मला जे बोलावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. पण शेवटी काम झालं. मी बाटली झाकण लावून, दोन्ही हातांत सांभाळून, सांडू नये म्हणून अगदी हळू पावलं टाकत बाहेर आले. ओटीवरच्यांनी वाट सोडली. काहींनी हात जोडले. आणि शेवंतीकाकूंनी पदर डोक्यावर घेऊन उजव्या हाताची ओंजळ पुढे केली.

तीर्थासाठी.

मी "नंतर" म्हणाले आणि रिक्षात बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, आणि तुम्ही किती हसला असतात ते मला ऐकू येतंय. तुम्ही हसायला लागलात की तुम्हाला ठसका लागायचा.

नमुन्यात जंतू निघाले. अंगात पाणीही कमी पडलेलं. बाईंनी औषध सुरू केलं आणि बजावलं, पोटात पाणी टिकलं नाही, ताप चढला किंवा हाका मारून जाग येईनाशी झाली तर थांबायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात. मी रजा टाकली. पेज, ताक, कोकमाचं सरबत, पाणी, पुन्हा पेज. प्रत्येक पेल्याला तुम्ही "पालखी आली काय गो?" विचारायचात आणि मी "निघाली" म्हणायचे. देवीच्या नावावर इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

आठवडा सरता सरता एका सकाळी तुम्ही उठून बसलात. चहाचा घोट घेतलात. कपात बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत.

"ह्याला चहा म्हणतात काय तुझ्या माहेरी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांनी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावला, "येऊ नकोस. आई बरी झाली. चहाला नावं ठेवलान."

भाऊजी तरी आले. गाडीतून उतरले, वाकून नमस्कार केला. तुम्ही त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलंत. "पोट सुटला रे तुझा. आणि ही रिकामी गाडी घेऊन कुणाला न्यायला आलास?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या कौलांकडे पाहिलं. ते जाताना गाडीत आमसुलं, कुळीथ आणि नारळ होते. तुम्ही ओटीवरून हात हलवत होता. आश्रमाचा विषय या घरात पुन्हा निघाला नाही.

आता वादाचं. मी तुम्हाला रिपोर्ट वाचून दाखवला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "जंतू काय पालखी आणतात? जंतूंना काय ठाऊक आपल्या वाडीचा मान?"  बाईंनी तुम्हाला समजावलं तेव्हा तुम्ही शहाण्या मुलीसारखी मान डोलावलीत आणि गडग्यापाशी येऊन शेवंतीकाकूंना सांगितलंत, "डॉक्टरीण म्हणाली, देवीचा तेज अंगाला झेपला नाय." मी मागेच उभी होते, आई!

मी माझं काम केलं. मागच्या पायऱ्यांना लोखंडी दांडा बसवून घेतला. रात्रीसाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणली, तिच्यावर तुम्ही पहिला उन्हाळाभर आमसुलं वाळवलीत. पाण्याचा तांब्या दिवसात कधी रिकामा व्हायला हवा ते फ्रीजवर लिहिलं, तो तुम्ही तुळशीत ओतून वेळेवर रिकामा केलात. तुळस जोमात आली तेव्हा मला कळलं. पण हळूहळू प्यायला लागलात. मला नावं ठेवायला घसा ओला लागतो, हे मी म्हटल्यावर.

आणि चूक माझीही होत होती. तुम्ही जरा लवकर झोपलात की मी बाटली काढायचे. एखादं नाव चुकलात की बाटली. शेवटी बाईंनीच मला दटावलं. "अहो, धडधाकट म्हाताऱ्या माणसाच्या लघवीतही जंतू सापडतात. त्रास नसेल तर त्याला औषध द्यायचं नसतं. उगाच देत राहिलं तर खऱ्या वेळी ते लागू पडणार नाही. बाटलीकडे बघू नका, माणसाकडे बघा. नेहमीपेक्षा एकदम वेगळ्या वाटल्या तर या." तेराव्याला पंगतीत वाढता वाढता मी हेच चार बायकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हातारीनं जाताना सुनेला ग्यान दिलान." म्हणजे त्याचंही श्रेय तुम्हालाच.

आता यंदाच्या शिमग्याचं. ते लिहायचं मी टाळत होते.

पालखी खरोखरची आली होती, नाचली, ओटी घेऊन गेली. अंगणात गुलाल आणि फुलांचा चिखल. मी ताटं गोळा करत होते. तुम्ही खाटेवर बसून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणालात, "सुलभा, दमलीस गो. किती करशील? बस जरा माझ्याजवळ."

माझ्या हातातली ताटं तशीच राहिली. 

"आई, आज वार कुठला?"

"मंगळवार. का गो?"

"लघवीला जळजळतंय? चक्कर येते? सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

तुम्ही बोलायला तोंड उघडलंत. तोवर मी फडताळातून बाटली आणून तुमच्या हातात दिली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तुम्हाला नीट तपासलं. तुमच्याशी गप्पा मारल्या, तुम्ही त्यांच्या नव्या पडद्यांना नावं ठेवलीत. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही झालेलं नाही. पूर्ण शुद्धीवर आहेत."

"मग तसं का बोलल्या?"

"ते मला कसं कळणार? त्यांना विचारा."

मी विचारलं नाही. परतताना रिक्षात तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसला होता. आपल्या वळणाशी आल्यावर म्हणालात, "एक चांगला शब्द बोलले, तर बाटली हातात दिलीस. परत बोलणार नाय."

आणि शब्द पाळलात. शेवटच्या सकाळीसुद्धा पेज कढत होती, लोणच्याची फोड मोठी होती आणि माझा आवाज शाळेच्या घंटेसारखा होता. मग दुपारी तुम्ही भिंतीकडे कूस करून झोपलात. बाई म्हणाल्या, हृदय थांबलं, झोपेतच. आपल्या खाटेवर, आपल्या घरात, आदल्या तासापर्यंत माझ्यात खोट काढत.

देवीचा वाद मी सोडणार नाही. वर भेटू तेव्हा रिपोर्ट घेऊन येईन. पण शिमग्याच्या त्या संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर होता आणि तुम्हाला उत्तर मिळालं नाही.

दमले होते, आई. खूप दमले होते. आधी तुमच्याजवळ बसायला हवं होतं. बाटली दुसऱ्या सकाळी दिली असती तरी चाललं असतं.